माऊस नेला की तालुका रंगतो. पण वाचणाऱ्याच्या हाती काय लागतं?

कोल्हापूर जिल्ह्याचा नकाशा. त्यात बारा तालुके. करवीरवर माऊस नेला की करवीर केशरी होतं. तिथून शिरोळवर सरकलात की करवीर परत मूळ रंगात आणि शिरोळ केशरी. क्लिक केलं की बाजूच्या चौकटीत लोकसंख्या, साक्षरता, पाऊस, उसाखालचं क्षेत्र असं काय काय उघडतं. प्रबंधाच्या सादरीकरणात, प्रकल्प अहवालाला जोडलेल्या वेबपेजवर, विभागाच्या वेबसाइटवर असा नकाशा आता सर्रास दिसतो. पहिल्यांदा बघणारा 'नाद खुळा' म्हणतो आणि पुढच्या स्लाइडकडे वळतो.

आज या नकाशाची समीक्षा करू. पुस्तकाची करतो, सिनेमाची करतो, तशीच. कारण प्रबंधातला नकाशा हे एक विधान असतं. 'अमुक तालुका मागे आहे', 'तमुक तालुका पुराखाली आहे' हे तो वाक्य न लिहिता बोलून जातो. वाक्य लिहिलं असतं तर मार्गदर्शकांनी 'पुरावा कुठाय?' असं विचारलं असतं. रंगाला सहसा कुणी विचारत नाही.

आधी तंत्राचं बघू

चित्राच्या भागावर क्लिक करता येणं ही वेबच्या बाळपणीची गोष्ट आहे. १९९३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेनं जगाचा नकाशा वेबवर ठेवला होता. नकाशावर क्लिक केलं की त्या जागेचे आकडे सर्व्हरकडे जायचे आणि सर्व्हर नवा, मोठा केलेला नकाशा तयार करून पाठवायचा. पुढे जानेवारी १९९७ मध्ये आलेल्या एचटीएमएल ३.२ या प्रमाणात मॅप आणि एरिया हे टॅग आले आणि चित्राचा कुठला भाग कुठे नेतो हे ब्राउझरलाच कळायला लागलं. तुम्ही बहुभुजाच्या कोपऱ्यांचे आकडे लिहायचे, बाकीचं ब्राउझर बघतो.

इथेच नवशिक्यांची पहिली अडचण येते. एरिया टॅगला हॉवरचा रंग द्यायला जातात आणि काहीच होत नाही. होणारही नाही, कारण एरिया ही पडद्यावर रंगवली जाणारी वस्तूच नाही. ती फक्त 'इथून इथपर्यंत क्लिक चालेल' अशी अदृश्य हद्द आहे. खाली चित्र एकसंध आहे, त्यातल्या कागलला आपण कागल आहोत हे ठाऊकच नाही. म्हणून मग चित्रावर पारदर्शक कॅनव्हासचा थर टाकून त्यावर तोच बहुभुज रंगवण्याची युक्ती निघाली. जेक्वेरीची मॅपहायलाइट आणि इमेजमॅपस्टर ही प्लगइन त्यासाठीच बनली. आज सरळ रस्ता एसव्हीजीचा आहे. त्यात प्रत्येक तालुका हा वेगळा पाथ असतो आणि त्याचा रंग सीएसएसच्या एका ओळीत बदलतो.

एसव्हीजीचा दुसरा फायदा फोनवर कळतो. जुन्या पद्धतीत कोपऱ्यांचे आकडे मूळ चित्राच्या पिक्सेलमध्ये असतात. फोनवर चित्र आकसतं, आकडे आकसत नाहीत. मग बोट कागलवर आणि माहिती भलत्याच तालुक्याची, असा प्रकार होतो. एसव्हीजीत आकार आणि हद्द एकच असल्यानं हा घोळ होत नाही.

पण जुन्याला सरसकट टाकाऊ म्हणणंही बरोबर नाही. एरिया ही मुळात लिंक होती. कीबोर्डच्या टॅब बटणानं तिच्यावर जाता यायचं आणि तिला पर्यायी मजकूर असायचा, जो अंध वाचकाचं स्क्रीन रीडर वाचून दाखवायचं. एसव्हीजीच्या पाथवर नुसतं क्लिक चिकटवलं तर या दोन्ही गोष्टी जातात. त्या मुद्दाम परत घालाव्या लागतात आणि बहुतेक नकाशांत त्या घातलेल्या नसतात. दिसायला नवं असलेलं काम वापरायला जुन्यापेक्षा मागे पडतं ते असं.

रंग दोन, कामं दोन, जागा एकच

आता माझा मुख्य आक्षेप.

नववीच्या भूगोलात आपण वितरणाच्या नकाशांच्या तीन पद्धती शिकतो : टिंब, क्षेत्रघनी आणि सममूल्य. तालुके फिकट ते गडद अशा छटांनी भरलेले असतील तर तो क्षेत्रघनी नकाशा. फ्रान्सच्या शार्ल द्यूपँ यांनी १८२६ मध्ये तिथल्या शिक्षणाचं चित्र असंच छटांनी दाखवलं होतं, म्हणजे पद्धत दोनशे वर्षांची आहे. त्यात रंग हाच आकडा असतो. गडद म्हणजे जास्त, फिकट म्हणजे कमी. आणि आकडा वाचायचा तो शेजाऱ्याशी तुलना करून.

हॉवरचा रंग वेगळंच सांगतो : 'तुमचा माऊस इथे आहे.' त्याचा आकड्याशी संबंध नाही. पण तो बसतो आकड्याच्याच जागेवर. म्हणजे ज्या क्षणी वाचक शिरोळकडे लक्ष देऊन बघायला जातो, नेमक्या त्याच क्षणी शिरोळची छटा पुसली जाते आणि तिथे केशरी येतो. शिरोळ हातकणंगलेपेक्षा गडद आहे की फिकट, हे बघायचं तर माऊस बाजूला काढावा लागतो. वाचनाची खूण म्हणून दिलेली गोष्ट वाचनाच्या आड येते.

नुसती दिशादर्शक यादी म्हणून नकाशा वापरला असेल, म्हणजे तालुका निवडा आणि पुढच्या पानावर जा इतकंच, तर भराव बदलायला हरकत नाही. तिथे मूळ रंगाला अर्थच नसतो. पण छटांमध्ये माहिती असेल तर भरावाला हात लावू नये. हद्दीची रेघ जाड आणि काळी करावी, बस्स. यातही एक खाच आहे. एसव्हीजीत जो पाथ नंतर लिहिलेला तो वर रंगतो. त्यामुळे करवीरची जाड रेघ नंतर येणाऱ्या शेजाऱ्यांखाली अर्धी झाकली जाते आणि हद्द कुरतडल्यासारखी दिसते. निवडलेला पाथ उचलून शेवटी ठेवला की प्रश्न मिटतो. दोन ओळींचं काम आहे.

त्यात क्लिकची तिसरी अवस्था येते. क्लिक केलेला तालुका लक्षात राहायला हवा, म्हणजे दुसऱ्यावर माऊस नेला तरी बाजूच्या चौकटीतली माहिती कुणाची आहे हे कळेल. बऱ्याच नकाशांत चौकटीत राधानगरी असतं आणि रंगलेला असतो भुदरगड. परीक्षकांनी नेमकं तेव्हा बघितलं तर?

फोन, कागद आणि डोळे

हॉवर ही माऊसची भाषा आहे. फोनवर बोट एकतर टेकलेलं असतं किंवा नसतं, घिरट्या घालत नाही. म्हणजे 'वर न्या आणि बघा' हे सगळं फोनवाल्यांसाठी नाहीच. आणि आपल्या जिल्ह्याविषयीचं काम ज्यांनी वाचावं असं आपल्याला वाटतं, ते ग्रामपंचायतीतले, शेतीतले, पत्रकारितेतले लोक बहुतांशी फोनवरच वाचतात.

प्रबंधाचं तर आणखी वेगळं. प्रबंध कागदावर छापला जातो आणि शोधगंगेवर पीडीएफ म्हणून जातो. तिथे हलणारा नकाशा जात नाही, त्याचा स्क्रीनशॉट जातो. आणि स्क्रीनशॉट घेताना माऊस जिथे असेल तो तालुका केशरी! आकृतीच्या खाली 'तालुकानिहाय साक्षरता' असं शीर्षक, आणि मधोमध एक पन्हाळा केशरी, ज्याचं सूचीत नावच नाही. दहा वर्षांनी वाचणारा विद्यार्थी या केशरी रंगाचा अर्थ शोधत बसेल.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. लाल आणि हिरवा यांतला फरक न कळणारे लोक जगात थोडेथोडके नाहीत. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण साधारण बारात एक इतकं मोजलेलं आहे, इतरत्र ते कमी आहे पण शून्य नाही. वेबवरच्या सुलभतेची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत ती स्पष्टच म्हणतात की माहिती केवळ रंगावर सोपवू नका. नाव, आकडा, रेघ यांपैकी काहीतरी सोबत द्या. रंग निवडायला सिंथिया ब्रूअर यांचं कलरब्रूअर हे साधन फुकट मिळतं, रंगांधांना चालतील अशा छटा ते वेगळ्या काढून देतं. ते न वापरता मनानं लाल-पिवळा-हिरवा भरण्याला आता सबब उरलेली नाही. शिवाय आपल्याकडे भगवा, निळा, हिरवा हे रंग नुसते रंग राहत नाहीत. साक्षरतेचा नकाशा दाखवला तरी लोक त्यात पक्ष शोधतात.

छटा कुठून आली?

इथपर्यंतचे दोष मांडणीचे होते, ते एका दुपारी दुरुस्त होतील. पुढचे संशोधनाचे आहेत.

२०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ होती. तालुक्यांत फरक प्रचंड आहे. करवीर सुमारे १० लाख ३८ हजार, हातकणंगले सुमारे ८ लाख ८ हजार, शिरोळ सुमारे ३ लाख ९१ हजार, आणि तळाला गगनबावडा सुमारे ३६ हजार. बाकीचे आठ १ लाख २० हजार ते पावणेतीन लाख यांच्या दरम्यान.

आता याच आकड्यांना चार छटा देऊ. पहिली रीत : सगळ्यात लहान ते सगळ्यात मोठा हे अंतर चार समान भागांत वाटायचं. एक गट साधारण अडीच लाखांचा होतो. निकाल बघा : नऊ तालुके फिकट, शिरोळ एकटं दुसऱ्या छटेत, तिसरी छटा रिकामी, आणि करवीर-हातकणंगले गडद. जिल्हा म्हणजे दोन तालुके आणि बाकी ओसाड, असं चित्र.

दुसरी रीत : बारा तालुके क्रमानं लावून तीन-तीनचे चार गट. आता करवीर, हातकणंगले आणि शिरोळ एकाच गडद छटेत. दहा लाखांवरचं करवीर आणि चार लाखांच्या आतलं शिरोळ दिसायला सारखे! तळाच्या गटात दीड लाखाचं भुदरगड आणि ३६ हजारांचा गगनबावडा शेजारी शेजारी, एकाच फिकट रंगात.

आकडे तेच, गणित दोन्हीकडे बरोबर, पण जिल्हे दोन. नकाशा करणाऱ्यानं गट कसे पाडले हे सांगितलं नसेल तर त्या नकाशावरून काढलेला निष्कर्ष मान्य करू नका. आणि खरं तर लोकसंख्येचा नुसता आकडा क्षेत्रघनी पद्धतीनं दाखवायचाच नसतो. दर चौरस किलोमीटरला किती, शेकडा किती, असं प्रमाण दाखवायचं. जिल्ह्याचं क्षेत्रफळ ७,६८५ चौ. किमी, म्हणून घनता ५०४. अशी तालुक्याची घनता रंगवा. बहुतेक सॉफ्टवेअर काही न विचारता गट पाडून देतं, म्हणून हा निर्णय आपण घेतला आहे याचं भानच राहत नाही.

तालुका म्हणजे काय, हे कुणी ठरवलं?

करवीरच्या त्या दहा लाखांत कोल्हापूर शहराचे ५,४९,२३६ लोक आहेत. निम्म्याहून जास्त. म्हणजे करवीरवर क्लिक केल्यावर जी साक्षरता दिसते ती बरीचशी शहराची असते, आणि तालुक्यातलं डोंगरकडेचं गाव तिच्याखाली झाकलं जातं. त्या सरासरीवरून 'करवीरच्या खेड्यांत शिक्षण चांगलं पोहोचलं आहे' असं लिहिणं चुकीचं ठरेल.

या सापळ्यावर डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांचा १९५० चा शोधनिबंध प्रसिद्ध आहे. त्यांनी अमेरिकेची १९३० ची जनगणना घेतली. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी दिसत होती. पण माणसामाणसाची आकडेवारी बघितली तर परदेशात जन्मलेल्यांतच निरक्षरता थोडी जास्त होती. कारण सरळ होतं : ते मुळात जास्त साक्षर असलेल्या राज्यांत जाऊन राहिले होते. प्रदेशाची सरासरी माणसावर चिकटवायची नाही, हा धडा. क्लिक करायचा नकाशा नेमकं हेच करायला शिकवतो, कारण त्यात तालुक्याखाली काही उघडतच नाही.

पुराचं उदाहरण घ्या, कारण इथे चुकीच्या रंगाची किंमत कुणीतरी मोजतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. हा एका जागेवरचा आकडा आहे. त्यावरून अख्खं करवीर लाल केलं तर नदीकाठचं प्रयाग चिखली आणि उंचावरचं कोरडं गाव एकाच रंगात येतात. उलट तालुक्याची सरासरी काढून फिकट रंग दिला तर चिखली दिसेनासं होतं. पाणी नदीच्या आकारानं पसरतं, तहसीलच्या हद्दीनं नाही. पावसाचंही तसंच : गगनबावड्याला हजारो मिलिमीटर, शिरोळला काही शे. मधला उतार घाटापासून पूर्वेकडे सलग कमी होत जातो, तालुक्याच्या वेशीवर पायरी उतरत नाही. पावसाला सममूल्य रेषा हव्यात आणि पुराला गावं किंवा पाण्याची प्रत्यक्ष हद्द. तालुका क्लिक होतो म्हणून तालुका हे एकक निवडायचं, ही उलटी वाट आहे. आधी प्रश्न, मग एकक, मग नकाशा.

जिल्ह्याबाहेरचा पांढरा रंग

या नकाशांत जिल्ह्याबाहेर सगळं पांढरं असतं. पण कागलहून गडहिंग्लजला महामार्गानं निघालात तर वाटेत निपाणी लागते, म्हणजे कर्नाटक. नकाशात तो रस्ता पांढऱ्यात गायब होतो आणि पलीकडे परत उगवतो. दूधगंगा आणि हिरण्यकेशी इथून पुढे कर्नाटकातच जातात. पुरावरची निम्मी चर्चा अलमट्टी धरणाची असते, आणि अलमट्टी आपल्या नकाशात नाही. पांढरा म्हणजे 'माहिती गोळा केली नाही', 'इथे काही नाही' असं नव्हे. निदान शेजारच्या तालुक्यांची नावं फिकट राखाडीत द्यावीत.

वेळेचंही असंच आहे. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. संस्थानाचा रायबागसारखा भाग आज बेळगाव जिल्ह्यात आहे. उलट चंदगड १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं. आता समजा कुणी १९५१ ते २०११ अशी सरकपट्टी असलेला नकाशा केला आणि १९५१ लाही चंदगड कोल्हापुरात रंगवलं. आकडा कुठून आला? बेळगावच्या जनगणना पुस्तिकेतून काढून जोडला असेल तर उत्तम, तसं लिहा. नसेल तर १९५१ ते १९६१ मधली जिल्ह्याची 'वाढ' म्हणजे काही अंशी एका तालुक्याची बदली आहे. त्या वाढीवर कुणी स्थलांतराचं प्रकरण लिहिलं तर सगळं प्रकरण वाळूवर उभं राहील.

मग हा नकाशा करायचाच नाही का?

करायचा. त्याची ताकद खरी आहे. तक्त्यातल्या बारा ओळी वाचताना कंटाळणारा माणूस नकाशावर आधी आपला तालुका शोधतो, मग शेजारचा. ही उत्सुकता कुठलाही स्तंभालेख निर्माण करत नाही. माझी तक्रार एवढीच की सगळा वेळ रंग बदलवण्यात जातो आणि रंग काय म्हणतोय याला उरत नाही. असा नकाशा समोर आला, दुसऱ्याचा किंवा स्वतःचा, तर हे विचारा :

१. मूळ रंगाला अर्थ आहे का? असेल तर हॉवरनं तो पुसला जातोय का?

२. माऊस नसताना, म्हणजे फोनवर, कीबोर्डवर आणि कागदावर काय उरतं?

३. गट कोणत्या रीतीनं पाडले? दुसऱ्या रीतीनं पाडले तर निष्कर्ष टिकतो का?

४. तालुका हे एकक प्रश्नातून आलं की मिळालेल्या एसव्हीजी फाइलमधून?

५. आकडे कोणत्या वर्षाचे, आणि त्या वर्षी हद्द हीच होती का?

तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यात कमी वेळ लागतो आणि सगळ्यात जास्त कळतं. आपल्या तालुक्यांचा कुठलाही एक तक्ता घ्या, दोन रीतींनी चार छटा भरा, दोन्ही नकाशे शेजारी लावा. ज्या तालुक्यांची छटा बदलली त्यांची नावं लिहून काढा. प्रकरणात त्या तालुक्यांबद्दल तुम्ही जे वाक्य लिहिणार होता, ते आधी पुन्हा वाचा.